मोहीम सोडून

फहाहीलच्या बाजारात, घड्याळवाल्याच्या मागच्या गाळ्यात
शफीउल जुन्या डिस्क विकतो. दीड दिनारला अदलाबदल.
मी म्हटलं, ज्यात कुणी कुठे पाठवत नाही
असा गेम दे.
त्यानं माझ्या पिशवीतल्या मेथीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
मुलासाठी?
माझ्यासाठी.

पहिला आणला, त्यात सतत एक पिवळा बाण.
इकडे वळ, याला मार, त्याच्याशी बोल.
असला बाण मला नवा नाही.
परत केला.

दुसऱ्यात डोंगर होते, लांबवर, निळे.
चालत गेले तर हवेवरच डोकं आपटलं.
नाटकाच्या पडद्यावरचे डोंगर.
चिपळूणला भूमी अभिलेखात होते मी, लग्नाआधी,
तिथे एकानं असाच नकाशा काढला होता
जागेवर न जाता.
तोही मी परत पाठवला होता.

तिसरा त्यानं कपाटाच्या तळातून काढला.
वेष्टन नाही, नाव मार्करनं लिहिलेलं, अर्धं पुसलेलं.
हा कुणी पुरा करत नाही, दीदी.

बाहेर एकोणपन्नास अंश.
नऊनंतर पडदे ओढलेले. नवरा बुर्गानला, तेलाच्या विहिरींवर,
निषाद शाळेत. माझ्याकडे लायसन नाही.
सहाव्या मजल्यावरून दिसतं ते असं:
पार्किंग, पाण्याच्या टाक्या,
दोन इमारतींच्या फटीत समुद्र, बोटभर.
अकरा वर्षं तेच एक बोट.

आणि सोफ्यावर मांडी घालून मी
एका खाडीच्या काठानं चालते आहे.
राजाची मुलगी पळवून नेली आहे म्हणे.
पहिल्याच गावात एक पागोटेवाला हात जोडतो,
उशीर करू नका.
मी हो म्हणते आणि डावीकडे वळते.

नकाशा काळा. पाऊल पडेल तेवढाच उजळतो.
हे मला येतं.
साखळी नाही, झेंडे नाहीत, तरी बांधाबांधानं जाते,
तिठ्यावर थांबून दिशा घेते,
ओढा दिसला की त्याच्या उगमापर्यंत चढते
आणि निषादच्या गणिताच्या वहीत, मागच्या बाजूनं, लिहिते:
वडासारखं झाड. खाली दगडी डोण. पाणी आहे.
फुटकं गलबत. आत उंदीर, मीठ.
मेंढपाळ. बोलत नाही. दर संध्याकाळी एकच शीळ.

निषाद येतो, दप्तर टाकतो, कपाळावर हात मारतो.
आई, एकशेवीस तास!
तुझी तलवार अजून लाकडाची आहे.
लागली नाही.
आणि राजकन्या?
आहे ना तिथेच. तिचं वय थोडंच वाढतंय.

काल धबधब्यामागे वाट सापडली.
ओल्या कातळातून आडवी होत आत गेले.
वाटलं, पेटी असेल आता, सोनं, निदान बरे बूट.
एक खोली.
खुर्ची. टेबलावर दिवा, जळता. खिडकी, समुद्राकडे.
बस्स.
नाणी वाजली नाहीत, शाबासकीची ओळ उमटली नाही.

मी बसले. बसायचं बटण होतं.
कुणीतरी, कुठल्याशा देशात, कुठल्याशा रात्रपाळीत
हा दिवा इथे ठेवला असेल,
खुर्ची जराशी तिरकी केली असेल, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी,
एवढंच धरून
की सांगितलेली वाट सोडून
कुणीतरी येईल.

कुलूप फिरलं. नवरा. भुवयांत वाळू, बुटांत वाळू.
जेवण?
मेथी निवडायचीय अजून.
तो तसाच शेजारी टेकला. बराच वेळ बघत राहिला
खिडकीतला तो समुद्र, इमारतींशिवायचा, सबंध.
हे कुठे आलं?

मी वही उघडली, पेन्सिल शोधली.
गट नंबर पडला नाही अजून, म्हटलं.